एकाच नदीचे तीन काठ

नदीच्या पुराचा धोका दाखवणारा नकाशा तयार करण्याचे काम आमच्या कार्यालयाकडे आले, तेव्हा अवघड भाग गणिताचा असेल अशी माझी समजूत होती. पाणी किती येईल, कोणत्या वेगाने पसरेल आणि कुठे किती खोल साचेल हे सांगणारे प्रारूप आमच्याकडे होते, पाणीपातळीच्या जुन्या नोंदी होत्या आणि प्रारूप चालवणारी माणसेही होती. नव्हती ती जमीन. जमिनीची उंची सर्वेक्षण संस्थेकडे होती, तिच्या हद्दी जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडे, तिच्यावर उभ्या असलेल्या इमारती नगर प्रशासनाकडे, रस्ते आणि पूल रस्ते विभागाकडे, आणि वरच्या बाजूच्या धरणातून कधी किती पाणी सुटते याच्या नोंदी धरणाच्या व्यवस्थापनाकडे होत्या. पाचही सरकारी यंत्रणाच होत्या. गणिताला सहा आठवडे लागले आणि या पाच ठिकाणांची माहिती एका नकाशावर आणायला चौदा महिने. ते चौदा महिने कशात गेले, याचा हा वृत्तान्त आहे.

पहिले पत्र मी मोठ्या उत्साहाने लिहिले आणि ते चुकले. ‘आपल्याकडे नदीखोऱ्याची उपलब्ध असलेली सर्व भूस्थानिक (म्हणजे जमिनीवरच्या ठिकाणाशी जोडलेली) माहिती या कार्यालयास पुरवावी, ही विनंती’, असे त्यातले मुख्य वाक्य होते आणि त्याच्याच प्रती पाचही ठिकाणी गेल्या. दोन कार्यालयांकडून काहीच उत्तर आले नाही. दोघांनी पत्र संबंधित शाखेकडे वर्ग केल्याचे कळवले. पाचव्याने मात्र उलट प्रश्न विचारले : माहिती कोणत्या प्रमाणाची हवी, कोणत्या वर्षाची, नेमक्या कोणत्या क्षेत्राची, कोणत्या कामासाठी, किती काळासाठी, आणि तुमच्याशिवाय ती आणखी कोण पाहणार? मला तेव्हा ही टाळाटाळ वाटली. पाचांपैकी माझे पत्र गांभीर्याने वाचणारे ते एकच कार्यालय होते, हे कळायला पुढे बरेच महिने जावे लागले.

त्या प्रश्नांपैकी प्रमाणाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ ओढली, तर ती जमिनीवर २५ मीटर रुंद भरते. १:१०,००० वर तीच रेघ ५ मीटरची होते. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही रेघा तितक्याच बारीक दिसतात आणि कितीही मोठ्या केल्या तरी बारीकच राहतात, म्हणून त्या सारख्याच विश्वासार्ह आहेत असा भ्रम होतो. घराच्या कोणत्या भिंतीपर्यंत पाणी येईल याची चर्चा २५ मीटरच्या रेघेवर करता येत नाही, आणि संपूर्ण खोऱ्यात पाऊस कसा वाहतो हे पाहण्यासाठी ५ मीटरची रेघ मागून देणाऱ्याला विनाकारण राबवण्यातही अर्थ नसतो. आपल्याला काय हवे आहे हे मागणाऱ्याला ठाऊक नसेल, तर देणाऱ्याने काय द्यावे?

दुसऱ्या खेपेला प्रत्येक कार्यालयासाठी वेगळे पत्र तयार केले. क्षेत्राची सीमा फाईलच्या स्वरूपात जोडली, हव्या असलेल्या थरांची, म्हणजे नकाशावर एकावर एक ठेवता येणाऱ्या रस्ते, इमारती, हद्दी अशा एकेका विषयाच्या माहितीची, नावे लिहिली, त्या थरातले कोणते रकाने हवेत आणि कोणते नकोत हेही लिहिले. उदाहरणार्थ, जमिनीच्या नोंदींमधून आम्हाला तुकड्याचा क्रमांक आणि हद्द एवढेच हवे होते. मालकाचे नाव नको होते. ‘नको’ असे लिहिण्याचा परिणाम मी अपेक्षिला नव्हता तितका झाला. मालकांची नावे हा वैयक्तिक माहितीचा प्रश्न असल्याने ती द्यायची तर तिथल्या विधी शाखेची संमती लागली असती. ती वगळल्यामुळे नस्ती दोन टेबले वाचवून पुढे सरकली.

तरीही एका ठिकाणी तीन स्मरणपत्रे गेली. शेवटी मी स्वतः तिथे जाऊन बसलो, तेव्हा कळले की माहिती द्यायला कोणाचाच विरोध नव्हता. ती देण्याचा अधिकार कोणाला आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. यापूर्वी कोणी लेखी मागितलीच नव्हती. जे काही दिले-घेतले गेले होते ते ओळखीने, पेन ड्राइव्हवर. तिथले अधिकारी माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे होते. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, दिले आणि उद्या त्यातून काही गैर झाले, तर पहिला प्रश्न मला विचारतील. नाही दिले, तर मला कोणी काही विचारणार नाही.” या वाक्याचा मला राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण त्यात खोटे काहीच नव्हते. देणाऱ्याच्या वाट्याला जबाबदारी येते आणि लाभ सगळा घेणाऱ्याच्या पदरात पडतो. असा व्यवहार केवळ सद्भावनेवर चालेल अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे.

म्हणूनच जिथे या विषयाचा कायदा केला गेला, तिथे तो सद्भावनेवर सोडलेला नाही. युरोपीय संघाचा २००७ सालचा ‘इन्स्पायर’ निर्देश त्या दिवसांत मी वाचून काढला. त्यात भूस्थानिक माहितीचे ३४ विषय ठरवून दिले आहेत आणि त्याचे १७ वे कलम केवळ सरकारी यंत्रणांनी आपसांत माहिती कशी वापरू द्यावी याविषयी आहे. वापराच्या ठिकाणी व्यवहारात अडथळा ठरतील अशी बंधने घालू नयेत, असे ते कलम सांगते. परवाना लावण्याची आणि शुल्क घेण्याची मुभा त्यात आहे, पण पर्यावरणाविषयीच्या कायद्यांनुसार जो अहवाल संघाला द्यावाच लागतो, त्यासाठी लागणाऱ्या माहितीवर शुल्क घेता येत नाही. न्यायदान, सार्वजनिक सुरक्षा, राष्ट्रीय संरक्षण किंवा आंतरराष्ट्रीय संबंध यांना बाधा येणार असेल, तर माहिती रोखताही येते. संघाच्या संस्थांनी सदस्य देशांकडे लेखी मागणी केली, तर वेगळे काही ठरलेले नसल्यास २० दिवसांच्या आत माहिती वापरायला द्यावी, असा नियम २०१० मध्ये स्वतंत्रपणे झाला. हे वाचताना मला हेवा वाटला तो मोठ्या तत्त्वांचा नव्हे, त्या २० दिवसांचा. मुदत ठरलेली असली की देणारा अधिकारी आपल्या वरिष्ठांपुढे नस्ती ठेवू शकतो. नसली की ती नस्ती त्याची वैयक्तिक हौस ठरते.

माहिती येऊ लागली आणि पत्रव्यवहार सोपा होता असे वाटण्याची पाळी आली. पहिला थर नकाशावर टाकला तो भलतीकडेच जाऊन पडला. कारण अर्ध्या दिवसात सापडले. अक्षांश आधी लिहायचा की रेखांश आधी, याविषयी अधिकृत व्याख्या आणि अनेक संगणकप्रणालींची सवय यांत फरक आहे. नकाशे पुरवणाऱ्या डब्ल्यूएमएस या प्रमाणित सेवेच्या १.१.१ आवृत्तीत नेहमीच्या अक्षांश-रेखांश प्रणालीसाठी रेखांश आधी येतो, तर १.३.० आवृत्तीत अक्षांश आधी. आम्ही एका आवृत्तीच्या सवयीने दुसरीला हाक मारली होती. ही चूक चांगली, कारण ती लगेच दिसते. दुसऱ्या एका ठिकाणाहून आलेल्या शेपफाइलमध्ये, म्हणजे नकाशातले आकार आणि त्यांचे रकाने साठवणाऱ्या एका जुन्या फाईल-प्रकारात, रकान्यांची नावे दहा अक्षरांवर कापली गेली होती, ही त्या जुन्या स्वरूपाची मर्यादाच आहे. त्यामुळे इमारतींच्या जोत्याची रस्त्यापासूनची उंची आणि जमिनीपासूनची उंची असे दोन रकाने, एकाच तुटक नावाचे जुळे होऊन आमच्या हाती आले. कोणता कोणता, हे विचारायला फोन करावा लागला. पुरात जोत्याची उंची म्हणजे घरात पाणी शिरले की नाही याचे उत्तर. ते रकाने आम्ही अंदाजाने वापरले असते, तर नकाशा सुबक दिसला असता आणि खोटा ठरला असता.

न दिसणाऱ्या चुकांमध्ये सर्वांत मोठी उंचीची निघाली. सर्वेक्षण संस्थेच्या उंच्या सरासरी समुद्रपातळीपासून मोजलेल्या होत्या. धरणाच्या व्यवस्थापनाच्या नोंदींमध्येही पाणीपातळी ‘मीटर’ अशीच लिहिलेली होती, पण ती नदीच्या पात्रातल्या मोजपट्टीच्या शून्यापासून होती आणि त्या शून्याला समुद्रपातळीशी जोडणारा आकडा एका जुन्या नोंदवहीत होता. हा आकडा कळवताना त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली : मोजपट्टी मध्यंतरी एकदा बदलली होती आणि नव्या पट्टीचे शून्य जुन्यापेक्षा साधारण अर्ध्या मीटरने खाली होते. म्हणजे एकाच रकान्यात वरच्या ओळी एका शून्यापासून आणि खालच्या ओळी दुसऱ्या शून्यापासून मोजलेल्या होत्या. धरणाच्या रोजच्या कामात त्याने काही बिघडत नव्हते, कारण तिथे आजची पातळी कालच्यापेक्षा किती वाढली एवढेच पाहतात. आमच्यासाठी मात्र तो अर्धा मीटर सगळे बिघडवणारा होता. नदीकाठची जमीन हजार मीटरला एक मीटर इतक्याच उताराची असेल, तर उंचीतला अर्धा मीटर म्हणजे पूररेषेतले पाचशे मीटर.

मग माझ्या सहकाऱ्यांना मी लाउफेनबुर्गची गोष्ट सांगितली. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्यामध्ये ऱ्हाईन नदीवर तिथे पूल बांधला जात होता. दोन देशांच्या उंच्या दोन वेगवेगळ्या समुद्रपातळ्यांपासून मोजल्या जातात, जर्मनीची उत्तर समुद्रापासून आणि स्वित्झर्लंडची भूमध्य समुद्रापासून, आणि दोन्हींत २७ सेंटिमीटरचा फरक आहे. हा फरक बांधणाऱ्यांना ठाऊक होता आणि त्यांनी तो हिशेबात धरलाही होता. पण अधिक करायचे तिथे उणे झाले आणि २००३ मध्ये दोन बाजू ५४ सेंटिमीटरने चुकत असल्याचे लक्षात आले. मला या गोष्टीत रस वाटतो तो एवढ्यासाठी की तिथे माहिती लपवली गेली नव्हती, ती दिली गेली होती आणि घेतलीही गेली होती. तिच्याबरोबर ‘कोणत्या दिशेने’ हे तेवढे नीट पोहोचले नाही. त्या दिवसापासून आमच्या मागणीपत्रात ‘उंची कशापासून मोजली आहे आणि तो संदर्भ मध्ये कधी बदलला आहे का’ असा स्वतंत्र प्रश्न छापलेला असतो.

माहितीविषयीची माहिती, म्हणजे मेटाडेटा, हा भाग मी पूर्वी कारकुनी समजत असे. त्यासाठी आयएसओ १९११५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि आलेल्या बहुतेक थरांबरोबर त्या मानकाप्रमाणे भरलेला तक्ता होताही. पण ‘दिनांक’ या रकान्यात एका ठिकाणी सर्वेक्षणाचा दिवस होता, दुसऱ्या ठिकाणी प्रकाशनाचा, आणि तिसऱ्या ठिकाणी फाईल नव्या सर्व्हरवर हलवली तो दिवस. माहिती कशी आणि कशापासून तयार झाली हे सांगणारा रकाना, जो आम्हाला सर्वांत जास्त हवा होता, तो जवळजवळ सर्वत्र रिकामा होता किंवा त्यात ‘विभागीय अभिलेखावरून’ एवढेच लिहिले होते. तो रकाना भरला गेला फोनवर. सर्वेक्षण संस्थेतल्या एका निवृत्त सर्वेक्षकांशी बोलण्याची संधी मिळाली आणि त्यांनी सहज सांगितले की नदीलगतच्या पट्ट्याची हवाई छायाचित्रे पाणी अगदी कमी असताना घेतली होती आणि पात्रातल्या वाळूच्या बेटांच्या उंच्या त्या मोसमापुरत्याच खऱ्या समजाव्यात. ही गोष्ट कोणत्याही तक्त्यात नव्हती. ती त्यांच्या लक्षात होती, इतकेच. आम्ही ती त्यांच्या संस्थेला कळवून तक्त्यात चढवून घेतली, आणि माझ्या मते त्या चौदा महिन्यांत आमच्याकडून झालेले हे सर्वांत टिकाऊ काम असावे.

आता काठांविषयी. सर्व थर एकमेकांवर ठेवले तेव्हा नदीचा डावा काठ तीन ठिकाणी दिसला. जमिनीच्या नोंदींमधली रेषा सर्वांत आत, पाण्याच्या बाजूला होती. सर्वेक्षण संस्थेची तिच्या बाहेर. आणि आमच्या प्रारूपाने काढलेली, पात्र काठोकाठ भरल्यावर पाणी जिथे टेकते ती रेषा आणखी बाहेर. काही ठिकाणी तिन्हींमधले अंतर चाळीस मीटरच्या वर होते. आमच्या तरुण सहकाऱ्याने ही विसंगती दूर करण्याचे मनावर घेतले आणि उपग्रहचित्र समोर ठेवून जमिनीच्या तुकड्यांच्या हद्दी चित्रातल्या काठाशी जुळतील अशा सरकवल्या. नकाशा एकदम नीटनेटका दिसू लागला. मीही त्याला शाबासकी दिली, हे कबूल केले पाहिजे.

पुढच्या बैठकीत जमिनीच्या कार्यालयातल्या अधिकारी बाईंनी पडद्याकडे पाहिले आणि त्या काही क्षण बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “सर, ही हद्द आमची नाही.”

“मॅडम, तुमच्याच फाईलमधली आहे,” आमचा सहकारी म्हणाला. “फक्त प्रत्यक्ष काठाशी जुळवून घेतली आहे.”

“तेच सांगतेय मी. तुम्ही ती हलवली आहे. आमची हद्द काठ दाखवत नाही. ज्या वर्षी मोजणी झाली, त्या वर्षी कोणाचा हक्क कुठपर्यंत मान्य झाला, ते दाखवते. नदी सरकली म्हणून हक्क आपोआप सरकत नाही. हा नकाशा उद्या कोणी न्यायालयात दाखवला तर?”

नंतरच्या चर्चेत सर्वेक्षण संस्थेच्या प्रतिनिधींनी सांगितले की त्यांची रेषाही खऱ्या अर्थाने काठाची नाही. छायाचित्र घेतले त्या दिवशी पाणी जिथे होते तिथली ती रेषा आहे. आमची रेषा तर जमिनीवर कोणी पाहिलेलीच नव्हती, ती हिशेबाने आलेली होती. तिन्ही थरांना नाव एकच होते, ‘नदीचा काठ’, आणि तिन्हींचा अर्थ वेगळा होता. तिन्ही रेषा बरोबर होत्या. प्रत्येक कार्यालयाची माहिती त्याच्या कर्तव्यापुरती बरोबर असते. हक्क नोंदवणाऱ्याची हक्कापुरती, मोजणाऱ्याची मोजल्या दिवसापुरती. ती आपल्याकडे आणताना आपण आकार आणतो आणि कर्तव्य मागे ठेवून येतो, आणि मग आकार जुळत नाहीत म्हणून तक्रार करतो. एवढी साधी गोष्ट मला वीस वर्षांच्या नोकरीनंतर एका बैठकीत, तीही बोलणी खाऊन, कळली.

त्या दिवशी सरकवलेल्या सगळ्या हद्दी रद्द केल्या. तिन्ही रेषा तीन नावांनी ठेवल्या : हक्काची हद्द, अमुक दिवशीची जलरेषा, पूर्णपात्र रेषा. नकाशा पुन्हा गबाळा दिसू लागला आणि तसाच राहिला.

करारनाम्याची कथा कंटाळवाणी आहे, पण त्यातला एक मुद्दा सांगण्यासारखा आहे. पाच कार्यालयांच्या पाच परवान्यांमधून एक नकाशा बनतो, तेव्हा त्या नकाशावर सर्वांत कडक परवान्याचे राज्य चालते. चार जणांनी प्रकाशनाची मोकळीक दिली आणि पाचव्याने ‘केवळ अंतर्गत वापरासाठी’ असे लिहिले, तर संपूर्ण नकाशा अंतर्गतच राहतो, मग पाचव्याचा वाटा त्यात एखाद्या थराएवढाच का असेना. आमच्या बाबतीत तो शब्द एका जुन्या छापील नमुन्यातून आला होता. तो तिथे का आहे हे त्या कार्यालयातही कोणाला सांगता आले नाही. पूररेषा लोकांना दाखवायची नसेल तर ती काढायची कशाला, हे पटवून देण्यात सात आठवडे गेले. शेवटी तोडगा असा निघाला की मूळ थर आणि त्यापासून तयार झालेला नकाशा यांत फरक करायचा : इमारतींची मूळ रूपरेषा आम्ही कोणाला देणार नाही, पण कोणत्या भागात किती खोल पाणी येईल हे दाखवणारा नकाशा आमचा असेल आणि तो आम्ही प्रकाशित करू. पुलांच्या बांधकामाचा तपशील सुरक्षेच्या कारणाने रोखला गेला, आणि तो आम्हाला नकोही होता. पुलाखालून पाणी जायला किती मोकळी जागा आहे, एवढा आकडा पुरत होता.

शुल्काचा प्रश्नही निघाला. एका सरकारी खिशातून काढून दुसऱ्यात घालायचे, त्याचा हिशेब ठेवायला माणसे नेमायची, हा प्रकार मला हास्यास्पद वाटत असे. सर्वेक्षण संस्थेच्या लेखापालांनी समजावले की त्यांच्या विमानांचा आणि मोजणीचा खर्च काही अंशी याच शुल्कातून निघतो. ते बंद करायचे तर तेवढी तरतूद दुसरीकडून यायला हवी. हे खरे आहे. डेन्मार्कने आपली मूलभूत भौगोलिक माहिती २०१३ पासून सर्वांना विनामूल्य खुली केली, ब्रिटनमध्ये सार्वजनिक यंत्रणांसाठी राष्ट्रीय सर्वेक्षण संस्थेची माहिती एकत्रित कराराने मिळते आणि त्याचा मोबदला सरकार एकदम देते. दोन्हीकडे कोणीतरी पैसे मोजतेच, फक्त प्रत्येक नस्तीमागे पावती फाडावी लागत नाही. आम्हाला त्या वेळी पावती फाडावी लागली.

काम पूर्ण होत आले तेव्हा रस्ते विभागातल्या एका अभियंत्यांनी सहज विचारले, “नवा भराव घेतलात ना नकाशात?” घेतला नव्हता. आम्हाला रस्त्यांची फाईल मिळाल्यानंतर चार महिन्यांनी पूरमैदानातून एक उंच भरावाचा रस्ता पूर्ण झाला होता, आणि पुराच्या दृष्टीने भराव म्हणजे बांधच. त्यांच्याकडे तो नोंदलेला होता. आमच्याकडची प्रत जुनी झाली होती. प्रत घेण्याच्या पद्धतीचा हा दोष आहे : ती घेतल्या क्षणापासून शिळी होऊ लागते आणि मूळ बदलले हे तिला कोणी सांगत नाही. म्हणून पुढे आम्ही प्रती मागणे कमी केले आणि त्यांच्या सर्व्हरवरून थेट वाचण्याची व्यवस्था मागितली. त्यातही दोन प्रकार आहेत. डब्ल्यूएमएस सेवेतून केवळ चित्र येते, डोळ्यांनी पाहायला ठीक. हिशेब करायचा तर प्रत्यक्ष आकार आणि रकाने देणारी डब्ल्यूएफएससारखी सेवा लागते. पहिली सर्वांनी लगेच दिली, दुसरीला वेळ लागला. शिवाय थेट सेवेवर सर्वस्वी विसंबूनही चालत नाही. ज्या आठवड्यात पूर येतो त्याच आठवड्यात सर्वजण सर्व्हरवर तुटून पडतात, आणि कधी वीजही जाते. त्यामुळे आता पावसाळ्यापूर्वी तारीख घालून एक प्रत घेतो, ती हात न लावता जपतो, आणि एरवी थेट सेवा वापरतो. कोणत्या निर्णयाच्या वेळी आमच्यासमोर कोणती माहिती होती, हे नंतर विचारले गेले तर ती गोठवलेली प्रत उत्तर देते.

दुसरी अडचण ओळखक्रमांकांची होती. नगर प्रशासन इमारतींचा थर दरवेळी नव्याने प्रसिद्ध करताना क्रमांकही नव्याने घालत असे, त्यामुळे आम्ही एका इमारतीवर नोंदवलेली पाण्याची खोली पुढच्या वेळी शेजारच्या इमारतीवर जाऊन बसली. ब्रिटनमध्ये प्रत्येक पत्त्याला एकदा दिलेला क्रमांक कायम राहतो आणि जुलै २०२० पासून ते क्रमांक खुल्या परवान्याखाली आले आहेत, हे मी बैठकीत सांगितले, तेव्हा नगर प्रशासनाच्या संगणक शाखेतल्या तरुणीने विचारले की जुने क्रमांक जपून ठेवावेत असे आजवर कोणी त्यांना सांगितलेच का नाही. सांगितले नव्हते, कारण त्यांची माहिती त्यांच्याबाहेर कोणी वापरते हेच त्यांना ठाऊक नव्हते. पुढच्या प्रकाशनापासून क्रमांक टिकू लागले. खर्च जवळपास शून्य.

उलट दिशेने माहिती परत पाठवणे मात्र अजून जमलेले नाही. प्रत्यक्ष पाहणीत आम्हाला नसलेल्या इमारती नकाशावर आणि असलेल्या इमारती नकाशाबाहेर सापडल्या. त्यांची यादी आम्ही पाठवली, तर ती स्वीकारायची कोणी आणि तपासायची कोणी याची पद्धतच नव्हती. यादी एका अधिकाऱ्यांच्या ई-मेलमध्ये राहिली आणि त्यांची बदली झाली. दरम्यान आमच्या प्रतीत आम्ही दुरुस्त्या केल्या, म्हणजे आता एकाच शहराचे इमारतींचे दोन थर आहेत आणि दोन्हींत वेगवेगळ्या चुका आहेत. दुरुस्ती मूळ ठिकाणीच व्हावी हे सर्वांना मान्य आहे. फक्त तसा रस्ता बांधलेला नाही.

पूरनकाशा प्रकाशित झाला आणि देणाऱ्यांच्या रांगेत आम्हीही जाऊन बसलो. नगर प्रशासनाच्या बांधकाम परवानगी शाखेने आमचा थर आपल्या प्रणालीत जोडला आणि काही दिवसांतच एका भूखंडाचा प्रश्न आला : पूररेषा प्रस्तावित घराच्या स्वयंपाकघरातून जाते, तर परवानगी द्यावी की नाही? आमचा नकाशा १:१०,००० प्रमाणासाठी केलेला होता. त्यांनी तो मोठा करत करत एका खोलीपर्यंत आणला होता. ज्या रेघेची स्वतःची रुंदी ५ मीटर आहे आणि जिच्या उंचीत अनिश्चितता आहे, ती स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांत निवाडा करू शकत नाही, असे मी सविस्तर लिहून कळवले, आणि लिहिताना आपणही आता कोणत्या प्रमाणासाठी, कोणत्या कामासाठी, असेच प्रश्न विचारत आहोत हे ध्यानात आले. अशा भूखंडांची स्थळपाहणी करून उंची प्रत्यक्ष मोजावी, अशी पद्धत आम्ही दोघांनी मिळून ठरवली.

सूचना कितीही ठळक लिहिली तरी ती वाचली जात नाही, म्हणून आमच्या सेवेत एक बंधनही घातले : ठरलेल्या प्रमाणापलीकडे नकाशा मोठा केला की पूररेषेचा थर दिसेनासा होतो. हे केल्यापासून आठवड्याला निदान एक तरी फोन येतो की तुमचा नकाशा बंद पडला आहे. मी विचारतो, किती मोठा करून पाहताय? पलीकडून उत्तर येते की अगदी जवळून, घर नीट दिसावे म्हणून. मग मी त्यांना जरा मागे यायला सांगतो. रेषा पुन्हा दिसू लागते, आणि त्या भूखंडासाठी मोजणीचा अर्ज कुठे करायचा ते मी सांगतो.